रायपूरच्या सार्वजनिक जीवनातील मराठी वारसा

रायपूर : छत्तीसगडची राजधानी असलेले रायपूर हे नागपूरच्या पूर्वेस सुमारे २९० किलोमीटरवर, खारून नदीच्या काठी वसलेले शहर आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक नोंदली गेली. शहराचा व्यवहार हिंदीत आणि छत्तीसगढीत चालतो. मात्र येथील पहिली नियतकालिके, सहकारी बँक, मुलींचे शिक्षण आणि नगरपालिकेचे राजकारण यांचा मागोवा घेतला, तर पुन्हा पुन्हा मराठी आडनावे भेटतात. ही माणसे घरात मराठी बोलत आणि समाजासाठी हिंदीत लिहीत. त्यांनी केलेली भाषेची ही निवड शहराला लाभदायक ठरली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांपुढे मात्र तिने मराठी टिकवण्याचा प्रश्न ठेवला आहे.

या प्रदेशाशी मराठ्यांचा संबंध सुरू झाला तो १७४१ मध्ये. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांनी त्या वर्षी रतनपूरच्या हैहयवंशी राज्यावर चाल केली. पहिल्या रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून कारभार पाहिला. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांच्याच काळातले. दरबारात मराठी आणि मोडी लिपी आली. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची येथील चालही बिंबाजींच्या काळापासूनची मानली जाते. त्यांच्यानंतर नागपूरहून सुभेदार नेमण्याची पद्धत सुरू झाली. या सुभेदारांना प्रदेशापेक्षा वसुलीची आस्था अधिक होती. त्यामुळे छत्तीसगडच्या इतिहासलेखनात मराठा राजवटीविषयी जिव्हाळ्याचा सूर क्वचितच आढळतो. तो आढळावा अशी अपेक्षा धरणेही उचित नव्हे.

१८१८ मध्ये इंग्रज अधिकारी कर्नल अॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि शहराचे भाग्य पालटले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. तीनच वर्षांनी, १० डिसेंबर १८५७ रोजी, सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना रायपुरात फाशी देण्यात आली. नगरपालिका १८६७ मध्ये स्थापन झाली. १८६१ च्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्याने शिक्षण, वकिली आणि सरकारी नोकरी या तिन्ही वाटा त्या शहराकडे जात. त्याच वाटांनी शिकलेली मराठी कुटुंबे छत्तीसगडच्या गावागावांत पोचली.

माधवराव सप्रे (१८७१-१९२६) हे या वर्गातील सर्वांत ठळक नाव. त्यांचा जन्म आजच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. सरकारी नोकरीची संधी नाकारून त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांचे सहकारी होते आणि प्रकाशनाची बाजू वामनराव लाखे यांनी सांभाळली. तिघेही मराठी भाषिक, मासिक मात्र हिंदी. ते प्रथम रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात आणि पुढे नागपूरच्या देशसेवक छापखान्यात छापले जाई. पैशाअभावी तीन वर्षांत ते बंद पडले. तेवढ्या अवधीत सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ (१९०१) ही कथा त्यात प्रसिद्ध झाली. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते. गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची ही कथा जमिनीच्या मालकीचा प्रश्न जितक्या थोड्या शब्दांत मांडते, तितक्या थोड्या शब्दांत तो त्या काळी क्वचितच मांडला गेला असेल.

१९०७ मध्ये सप्रे यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला. पुण्याच्या ‘केसरी’चे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोचवणे हा त्याचा उद्देश होता. पुढील वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि कुटुंबीयांच्या दबावाखाली माफीपत्र देऊन त्यांची सुटका झाली. या गोष्टीचा सल त्यांना दीर्घकाळ राहिला आणि काही वर्षे ते सार्वजनिक जीवनापासून दूर गेले. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणण्याचे काम त्यांनी या प्रसंगानंतर केले. ‘गीतारहस्य’ मराठीत १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी सप्रे यांचे भाषांतर हिंदी वाचकांच्या हाती आले. रायपुरात मुलींची शाळा सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी भाषिकाकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची शाळा रायपुरात आहे आणि वृत्तपत्रांचे संग्रहालय भोपाळमध्ये. महाराष्ट्रात मात्र सामान्य वाचकाला त्यांचे नाव सांगून ओळख पटवावी लागते.

व्यवसायाने वकील असलेले वामनराव लाखे यांनी रायपूरच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवले. शेतकऱ्याला सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी सहकारी पतव्यवस्था हवी, हे ओळखून १९१३ मध्ये त्यांनी रायपुरात सहकारी बँक उभी केली. इंग्रज सरकारने दिलेली रायसाहेब ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली. लाखेनगर हा शहराचा भाग त्यांचे नाव सांगतो.

भाषेची हीच वाट पुढे गजानन माधव मुक्तिबोध यांच्याही घरात दिसते. मराठी कुटुंबात जन्मलेले हे हिंदी कवी १९५८ पासून शेजारच्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतच लिहीत राहिले.

रायपूरच्या मराठी भाषिकांसाठी १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख निर्णायक ठरली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही तेथील राजभाषा होत्या. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, तर छत्तीसगड भोपाळच्या कारभाराखाली आला. एका रात्रीत मराठी ही रायपुरात शासनाची भाषा राहिली नाही. सीमाभागात अशा वेळी आंदोलने उभी राहिली. विखुरलेल्या, आधीच हिंदीत रुळलेल्या येथील मराठी समाजाने मात्र हा बदल मुकाट्याने स्वीकारला.

नागरी राजकारणातही मराठी मतांचा वेगळा गट असा निर्माण झाला नाही. महापालिकेत ७० प्रभाग आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापौरपदाची थेट निवडणूक जिंकून भाजपच्या मीनल चौबे निवडून आल्या. या महापालिकेचे राजकारण दूरवर नेते, याचे एक उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले रमेश बैस हे १९७८ मध्ये रायपूरचे नगरसेवक म्हणून राजकारणात आले होते.

मराठी टिकवण्याचे संघटित काम मुख्यतः चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ करते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची संत ज्ञानेश्वर विद्यालय ही शाळाही आहे. घरात बोलली जाणारी मराठी नागपुरी वळणाची आहे आणि नव्या पिढीच्या बोलण्यात हिंदी शब्दांचे प्रमाण वाढते आहे. ही चिंता एकट्या मराठीची नव्हे. २००७ मध्ये विधानसभेने राजभाषेचा दर्जा दिलेल्या छत्तीसगढीलाही शाळेत आणि कचेरीत हिंदीपुढे जागा शोधावी लागते.

सणांच्या बाबतीत मात्र दोन्ही संस्कृतींची सरमिसळ सहज झाली आहे. पोळा येथे ‘पोरा’ होतो. मातीचे नंदीबैल आणि चुलीबोळकी यांनी बाजार भरतो. उत्तरेकडील पौर्णिमान्त पंचांगानुसार ही भाद्रपद अमावस्या असते, तर मराठी पंचांगात श्रावण अमावस्या. दिवस एकच, महिना वेगळा. त्यानंतर तीनच दिवसांनी छत्तीसगढी घरांतील लेकी ‘तीजा’साठी माहेरी आलेल्या असतात. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाऊन त्या निर्जळी उपवास धरतात. त्याच तिथीला मराठी घरांत हरतालिका पूजली जाते आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसतो. सार्वजनिक मंडळांच्या मूर्तींमध्ये दुर्ग जिल्ह्यातील थनौद गावच्या कारागिरांच्या हातच्या मूर्ती प्रसिद्ध आहेत. विसर्जनाच्या वेळी निघणाऱ्या झाँक्यांची मिरवणूक रात्रभर चालते. जुन्या शहरातून वाट काढत ती पहाटे खारूनकाठच्या महादेव घाटाकडे वळते.