मेदोवृद्धीवरील दुसरी शस्त्रक्रिया

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांत एखादी शस्त्रक्रिया कोठें जन्मली आणि प्रथम कोणीं केली, हें मोठ्या कौतुकानें सांगितलें जातें. ती पुढें कां टाकून द्यावी लागली, आणि तोंपर्यंत ज्यांच्या शरीरावर ती होऊन चुकली होती त्या रोग्यांचें काय झालें, ही हकीकत बहुधा तळटिपेंत राहते. मेदोवृद्धीवरील शस्त्रक्रियांच्या बाबतींत मात्र ही तळटीपच अधिक वाचण्यासारखी आहे. या विद्येचें वय उणेंपुरें पाऊणशें वर्षांचें. आणि एवढ्या अवधींत तिनें जें ज्ञान मिळविलें, त्याचा बराच मोठा भाग अगोदर केलेली शस्त्रक्रिया मोडून तिच्या जागीं दुसरी करण्याच्या खटपटींतून हातीं आलेला आहे.

माणसाचें लहान आंतडें साधारणतः सहा मीटर लांब असतें. खाल्लेल्या अन्नांतील सत्त्व रक्तांत उतरतें तें याच लांबलचक वाटेवर. तेव्हां ही वाटच आखूड केली तर कितीहि खाल्लें तरी अंगीं लागणार नाहीं, हा विचार सुचण्यास फार मोठी बुद्धि नको होती. तो अंमलांत आणण्यास मात्र धाडस हवें होतें. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील शस्त्रवैद्य व्हिक्टर हेन्रिक्सन यांनीं एका स्थूल स्त्रीचें १०५ सेंटिमीटर आंतडें कापून काढलें, व १९५२ सालीं ती हकीकत प्रसिद्ध केली. असला उपाय समर्थनीय आहे काय, हा प्रश्न त्यांनीं आपल्या लेखाच्या मथळ्यांतच विचारून ठेवला होता.

१९५४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांतील क्रेमेन, लिनर व नेल्सन या त्रयीनें कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आंतड्याचा वरचा अर्धा भाग गेला तरी प्राण्याचें वजन फारसें ढळत नाहीं. खालचा अर्धा गेला तर मात्र स्निग्ध पदार्थ पचेनासे होतात व वजन उतरतें, असें त्यांत दिसून आलें. कापून फेकलेलें आंतडें पुन्हां जोडतां येत नाहीं. म्हणून यापुढें तें पोटांतच बाजूस ठेवून अन्नाला जवळची वाट काढून देण्याची पद्धत पडली. बायपास हा शब्द रस्त्यांच्या कामांमुळें सर्वांच्या परिचयाचा आहे. येथेंहि त्याचा अर्थ तोच.

लॉस अँजेलिस येथील पेन व डिविंड यांनीं १९५६ सालीं हातीं घेतलेला उपक्रम या इतिहासांत फार बोधप्रद ठरला. वरच्या आंतड्याचा थोडासा भाग त्यांनीं थेट मोठ्या आंतड्यास जोडला. बेत असा होता कीं, वजन हवें तेवढें उतरलें म्हणजे पुन्हां पोट उघडावें, आंतडें पूर्ववत् करावें, आणि मग रोग्यानें बेताचें खाऊन उरलेलें आयुष्य सुखानें घालवावें. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया पहिल्या दिवसापासूनच ठरलेली होती. वजनें उतरलीं खरीं. त्यांबरोबर अनावर जुलाब, शरीरांतील क्षारांचा ऱ्हास आणि यकृताचे विकारहि आले. पुढें ठरल्याप्रमाणें आंतडें पूर्ववत् केलें, तेव्हां वजनहि पूर्ववत् झालें. हा अनुभव १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. स्थूल मनुष्य केवळ जिभेचा गुलाम असतो, ही समजूत त्यानंतर खरें म्हणजे टिकावयास नको होती. कांहीं काळ हलकें राहिलेलें शरीरहि आपल्या जुन्या वजनाकडे ओढ घेतें, हें या मूठभर रोग्यांनीं आपल्या देहावर सोसून दाखविलें होतें.

तेव्हां पेन व डिविंड यांनीं मधला मार्ग पत्करला. मोठ्या आंतड्याची जोडणी मोडावी, परंतु सगळें लहान आंतडें वाटेवर न आणतां त्याच्या आरंभींचे १४ इंच व शेवटचे ४ इंच एवढेच कामावर ठेवावे, अशी नवी रचना त्यांनीं १९६९ सालीं मांडली. सहा मीटरांपैकीं अठरा इंच, म्हणजे अवघें एक हातभर आंतडें! एका प्रकारच्या शस्त्रक्रियेवरून दुसऱ्या प्रकारावर जाण्याचा हा पहिला ठळक प्रसंग होय.

पुढील दहा वर्षांत अमेरिकेंत हजारों रोग्यांवर ही शस्त्रक्रिया झाली. वजनें झपाट्यानें उतरलीं व टिकलींहि. तक्रारी आल्या त्या सावकाशीनें, कांहीं तर अनेक वर्षांनीं. न पचलेले स्निग्ध पदार्थ आंतड्यांतील कॅल्शियमला धरून ठेवतात. एरव्हीं हेंच कॅल्शियम भाजीपाल्यांतील ऑक्झॅलेटला बांधून शरीराबाहेर नेत असतें. तें हातचें गेलें म्हणजे ऑक्झॅलेट मोकळें सुटतें, मोठ्या आंतड्यांतून रक्तांत शिरतें व मूत्रपिंडांत खडे धरतें. दुसरीकडे, वगळलेल्या आंतड्यांत अन्न फिरकत नसल्यामुळें तेथें जंतूंची वस्ती माजते. त्यांतून सांधेदुखी व त्वचेचे विकार उद्भवतात. सर्वांत भयंकर विकार यकृताचा. कित्येकांचें यकृत निकामी झालें, आणि कांहीं त्यांतच दगावले.

अशा रोग्यांपुढील पेंच सोपा नव्हता. बायपास मोडला तर यकृत वांचण्याची आशा होती. परंतु तो नुसता मोडला तर वजन परत येणार, हें पेन व डिविंड यांच्या अनुभवावरून ठाऊक झालेलेंच होतें. शंभर शंभर पौंडांचें ओझें एकदां उतरल्यावर तें पुन्हां अंगावर घेण्यास कित्येक रोगी तयार होत नसत. प्रकृति ढासळत असतांहि ते शस्त्रवैद्याला नकार देत. यांतून वाट निघाली ती जठराकडे. आंतडें पूर्ववत् करावयाचें व त्याच वेळीं जठर लहान करून ठेवावयाचें, असें दुहेरी काम शस्त्रवैद्य करूं लागले.

जठराची ही वाट आयोवा विद्यापीठांतील डॉ. एडवर्ड मेसन यांनीं दाखविली होती. अल्सरच्या रोग्यांचें जठर अंशतः कापून काढलें म्हणजे त्यांचें वजन पुन्हां वाढणें कठीण जातें, हें त्या काळीं सर्वांस ठाऊक होतें. शस्त्रवैद्य त्यास दोष समजत. मेसन यांनीं त्या दोषाचा गुण केला. १९६६ सालीं डॉ. चिकाशी इटो यांच्या साह्यानें त्यांनीं जठराच्या वरच्या भागाची एक लहान पिशवी निराळी करून ती थेट लहान आंतड्यास जोडली. आरंभीं ही पिशवी बरीच मोठी राहत असे. पुढें ती ५० मिलिलिटरपर्यंत आणल्यावर परिणाम सुधारला. या जोडणींत पित्त उलट पिशवींत चढे. १९७७ सालीं केंटकींतील वॉर्ड ग्रिफेन यांनीं, लोझान येथील सेझार रू या स्विस शस्त्रवैद्याच्या नांवानें ओळखली जाणारी जुनी जोडणी वापरून हा त्रास टाळला. इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसणारी ही रचना आजहि चालूं आहे.

येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्या मेसन यांनीं जठराचा बायपास निर्माण केला, त्यांचेंच मन त्याच्याविषयीं पुरतें निःशंक नव्हतें. आंतड्याच्या वाटेंत ढवळाढवळ न करतां केवळ जठराचें तोंड आंवळून काम भागेल, तर जीवनसत्त्वांची व क्षारांची उणीव तरी पडणार नाहीं, असा त्यांचा विचार होता. १९७१ पासून ते त्या मागास लागले, आणि १९८० च्या सुमारास त्यांची नवी रचना सिद्ध झाली. जठराच्या वरच्या बाजूस टांक्यांची उभी ओळ घालून अरुंद कप्पा करावयाचा व त्याच्या खालच्या तोंडाशीं न ताणणारा पट्टा बसवावयाचा. ही रचना सोपी होती, तींत धोका कमी होता, आणि ती लवकरच सर्वत्र पसरली.

परंतु पट्ट्यानें अडविलें तें भाकरी आणि मांस. सरबत, आइस्क्रीम, चॉकलेट यांना त्यानें अडविलें नाहीं. घांस अडकून वांती होऊं लागली म्हणजे माणूस सुखानें गिळेल तेंच खातो, आणि सुखानें गिळतें तें बहुधा गोड असतें. रिचमंड येथील डॉ. हार्वे शुगरमन यांनीं १९८७ सालीं दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना प्रसिद्ध केली. गोडखाऊ रोग्यांच्या बाबतींत मेसन यांचा जुना बायपासच सरस ठरला. पुढें कित्येकांच्या जठरांतील टांक्यांची ओळ उकलली, कित्येकांचा पट्टा रुतला, आणि हे रोगी बायपाससाठीं पुन्हां शस्त्रवैद्याकडे आले. मेसन यांनीं मागें टाकलेली शस्त्रक्रिया अशा रीतीनें त्यांच्याच दुसऱ्या शस्त्रक्रियेवरील उपाय होऊन बसली.

घट्ट-सैल करतां येणाऱ्या सिलिकोनच्या पट्ट्याची कथा याहून फारशी निराळी नाहीं. १९९३ सालीं बेल्जममध्यें तो दुर्बिणीच्या साह्यानें बसविला गेला, २००१ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली, आणि काढून टाकतां येतो या आश्वासनावर तो खपला. पुढें तो पुष्कळांना खरोखरच काढावा लागला, कारण तो घसरे, जठराच्या भिंतींत रुते, किंवा वरची अन्ननलिका फुगवी. काढल्यावर वजन परत येई, म्हणून त्याच्या जागीं दुसरी शस्त्रक्रिया करणें आलें. पट्टा काढतांच ती करावी, कीं कांहीं महिने थांबून पट्ट्याखालील व्रण भरूं द्यावा, हा वाद शस्त्रवैद्यांत बराच काळ चालला.

इकडे आंतड्याचा मार्ग आखूड करण्याची कल्पना अगदींच मेली नव्हती. जेनोआ येथील निकोला स्कोपिनारो यांनीं १९७९ सालीं मांडलेल्या पद्धतींत वगळलेल्या आंतड्यांतून पित्त व पाचक रस वाहते ठेवले जात. त्यामुळें जुनें जंतूंचें दुखणें टळलें. ओहायोंतील डग्लस हेस यांनीं १९८८ मध्यें तींत सुधारणा केली. जठराचें खालचें द्वार शाबूत ठेवून जठर त्यांनीं उभें कापलें व त्याची बाहीसारखी नळी केली. ड्युओडिनल स्विच तो हाच. १९९९ सालीं मिशेल गान्ये यांनीं न्यूयॉर्कमध्यें तो दुर्बिणीनें करून दाखविला. अतिशय स्थूल रोग्यांना ही लांब शस्त्रक्रिया झेपेना. म्हणून प्रथम केवळ जठराची नळी करावी, वजन कांहींसें उतरूं द्यावें, आणि आंतड्याचें काम मागाहून करावें, अशी दोन टप्प्यांची युक्ति निघाली. पहिल्या टप्प्यावरच कित्येकांचें वजन एवढें उतरलें कीं ते दुसऱ्या टप्प्यासाठीं आलेच नाहींत. जिना म्हणून बांधलेली गोष्ट घर ठरली. स्लीव्ह या नांवानें आज जगांत सर्वांत अधिक होणारी, आणि मुंबई-पुण्यांतील रुग्णालयांतहि नित्याची झालेली शस्त्रक्रिया ती हीच. १९९९ मध्येंच जपानी संशोधकांना घ्रेलिन हें भूक चाळविणारें द्रव्य सांपडलें. तें मुख्यतः जठराच्या त्या भागांत तयार होतें जो स्लीव्हमध्यें कापून काढला जातो. शस्त्रक्रियेच्या यशाचें एक कारण त्यामुळें उमगलें.

स्लीव्हलाहि तिचा दोष सुटला नाहीं. अरुंद नळींत दाब वाढतो, आणि आंबट पाणी घशाशीं येऊन अन्ननलिका भाजून निघते. औषधांनीं हें आटोक्यांत न आलें तर रोग्यास बायपासकडे वळावें लागतें. ज्याची तक्रार केवळ वजन परत वाढल्याची असेल, त्याच्यासाठीं ड्युओडिनल स्विच किंवा त्याचा सोपा प्रकार निवडला जातो. कापून टाकलेला जठराचा भाग परत येत नसल्यामुळें स्लीव्हवरून मागें फिरण्याची वाट मुळीं नाहींच.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका पहिल्याहून अधिक असतो. पहिल्या जखमांनीं अवयव एकमेकांस चिकटलेले असतात, कडक झालेल्या भिंतींत टांके नीट धरत नाहींत, व सांधा गळूं लागला तर प्राणावर बेतूं शकतें. म्हणूनच अनुभवी शस्त्रवैद्य प्रथम दुर्बीण घालून व बेरियम पाजून क्ष-किरणांनीं पाहतो कीं, जुनी रचना मोडली आहे काय. ती शाबूत असेल तर शस्त्र हातीं घेण्यापूर्वीं तो रोग्याच्या आहाराची चौकशी करतो. आणि २०२१ सालीं सेमाग्लुटाइड या औषधास अमेरिकेंत वजन उतरविण्यासाठीं मान्यता मिळाल्यापासून, पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वीं तसल्या औषधाचा प्रयोग करून पाहिला जातो. औषध बंद केलें कीं वजन पुन्हां चढूं लागतें, हा अनुभव तेथेंहि येत आहेच.