बॅगेवरचा टॅग कुठपर्यंतचा? कुर्डुवाडी ते मुंबई विमानतळ

आजचा एपिसोड जरा घरचाच आहे.

आम्ही अंबाजोगाईचे. भाऊ जर्मनीत असतो. आई पहिल्यांदाच त्याच्याकडे निघाली होती, आणि पैसे वाचतात म्हणून मी दोन तिकिटं वेगवेगळी काढली. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई एका कंपनीचं, मुंबई ते फ्रँकफर्ट दुसऱ्या कंपनीचं. मधे चार तास. मला वाटलं, लई झाले.

संभाजीनगरला काउंटरवरच्या मुलीनं बॅगेला टॅग लावला. आईनं विचारलं, "बाई, ही थेट जर्मनीला जाईल ना?" ती म्हणाली, "नाही मावशी, मुंबईपर्यंतच." आईनं मला फोन केला. मी म्हणालो, "काही नाही गं, मुंबईला उचलायची आणि परत द्यायची." शिवाय देशातल्या तिकिटावर 15 किलोच चालत होतं आणि बॅग होती 23 किलोची, म्हणून जास्तीचे पैसे तिथंच भरले.

विमान अडीच तास उशिरा सुटलं. बेल्टवर बॅग यायला आणखी अर्ध्या तासाच्या वर गेला. आई ट्रॉली ढकलत दुसऱ्या काउंटरवर पोहोचली तेव्हा उड्डाणाला तासभरसुद्धा उरला नव्हता आणि काउंटर बंद झाला होता. पहिली कंपनी म्हणाली, आमचं काम मुंबईपर्यंत. दुसरी म्हणाली, तुम्ही वेळेत आला नाहीत. आई येसर आणि शेंगदाण्याच्या चटणीनं भरलेली बॅग सांभाळत रात्रभर तिथंच बसून राहिली. नवीन तिकीट काढावं लागलं ते वेगळंच.

चूक माझी होती. पण प्रश्न डोक्यातून जाईना: बॅगेची जबाबदारी नक्की कुठं संपते? शोधायला लागलो, तर गोष्ट विमानाच्या आधी रेल्वेत सापडली. तीही आपल्या शेजारी.

बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, 1911 साली लातूरपर्यंत आली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. आणि कुर्डुवाडीला तिला भेटायची ती मुंबईकडं जाणारी मोठी जीआयपी रेल्वे, साडेपाच फुटांची. म्हणजे एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाणंच शक्य नाही. आपल्याकडचा माणूस लातूरला गाडीत बसला की कुर्डुवाडीला उतरणार, ट्रंक हमालाच्या डोक्यावर देणार आणि दुसऱ्या गाडीत चढणार. मालाचंही तेच, एका वाघिणीतून काढा आणि दुसरीत भरा.

त्यात सरहद्दसुद्धा होती. बीड, लातूर निजामाच्या राज्यात. बार्शी इंग्रजांच्या मुलखात. निजामाचं जकात खातं वेगळं, त्याला करोडगिरी म्हणायचे. नाणंही वेगळं, हाली शिक्का. आज विमानतळावर कस्टम्स म्हणतो, ते आपल्या आजोबा-पणजोबांना बार्शीच्या वाटेवरच माहीत होतं.

रूळ जोडणं अवघड, पण कागद जोडता येतो. हे इंग्लंडात आधीच सुचलं होतं. 1842 साली लंडनमध्ये रेल्वे क्लिअरिंग हाउस सुरू झालं. प्रवाशानं एकच तिकीट काढायचं, कितीही कंपन्यांच्या गाड्यांतून जायचं, आणि पैशांची वाटणी कंपन्यांनी मागाहून आपसात करायची. 1882 साली कॅनडातल्या जॉन लायन्सनं दोन तुकड्यांच्या लगेज टॅगचं पेटंट घेतलं. एक तुकडा सामानावर, एक मालकाच्या हातात. आजही आपल्या बोर्डिंग पासच्या मागं चिकटवतात ना ती छोटी पट्टी? ती त्याच विचाराची नात.

विमानवाल्यांनी हेच उचललं. 1929 च्या वॉर्सा करारानं ठरवलं, की अनेक कंपन्या मिळून केलेला प्रवास सगळ्यांनी एकच मानला असेल, तर तो एकच प्रवास. सामान हरवलं तर प्रवासी पहिल्या कंपनीलाही जाब विचारू शकतो आणि शेवटच्या कंपनीलाही. भारतात त्यासाठी 1934 साली कायदा झाला. 1945 साली हवानात आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना उभी राहिली आणि 1947 मध्ये तिचंही क्लिअरिंग हाउस आलं. रेल्वेसारखंच! बॅग एका कंपनीकडं द्या, शेवटच्या गावी दुसरीकडून घ्या. याला इंटरलाइन म्हणतात.

मग हे मोडलं कुठं? आपल्याकडं 1953 पासून सरकारच्याच दोन कंपन्या होत्या, देशात इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी एअर इंडिया. 1994 साली ती मक्तेदारी कायद्यानं संपली. 2003 साली एअर डेक्कन आली आणि स्वस्त विमानाचं युग सुरू झालं. स्वस्तचं गणित साधं आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं, झटपट परत उडायचं, दुसऱ्यांच्या बॅगांची भानगड नको. त्यामुळंच आपल्यासारखी माणसं विमानात बसली, हेही खरं. पण कुर्डुवाडीचा हमाल परत आला. फरक एवढाच, की आता हमाल आपणच.

तर मंडळी, वेगळी तिकिटं काढणार असाल तर एवढं धरून चला. पहिलं विमान चुकलं किंवा लांबलं, तर दुसऱ्या कंपनीसाठी तुम्ही फक्त न आलेला प्रवासी. वजनाची मर्यादा दोन्ही तिकिटांची बघा, कमी असेल ती खरी. परदेशात मधे बॅग उचलायची असेल तर बेल्ट इमिग्रेशनच्या पलीकडं असतो, म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. आणि काउंटर सोडण्याआधी टॅगवर शेवटचं गाव कुठलं छापलंय ते वाचा. तोंडी आश्वासन तिथंच राहतं, बॅग टॅगवर लिहिलेल्या गावी जाते.

येताना मी आईचं तिकीट संभाजीनगरपर्यंत एकच काढलं. तरी मुंबईला बॅग उचलावी लागलीच, कारण परदेशातून आल्यावर पहिल्याच भारतीय विमानतळावर कस्टम्स होतं. पण या वेळी पुढचं विमान चुकलं असतं, तर तिला पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची होती.

परळीला रेल्वे जुनी आहे, पण बीड शहरात पहिली गाडी सुटली ती 17 सप्टेंबर 2025 ला. त्यामुळं गाड्या बदलत जाणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. आईला ही सगळी हिस्ट्री सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "मंग काउंटरवरच्या त्या पोरीनं मला खरंच सांगितलं होतं की रे. तूच ऐकलं नाहीस."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.