भिरभिरें, यंत्र आणि प्रतिकृति

मोठ्या वस्तूवरून लहान प्रतिकृति करावी, हा जगाचा रूढ क्रम होय. आधीं देऊळ, मग त्याचा देव्हाऱ्याएवढा नमुना. आधीं रायगड, मग दिवाळींत मुलांनीं अंगणांत रचलेला मातीचा किल्ला. हेलिकॉप्टरच्या इतिहासांत मात्र हा क्रम उलटा आहे. तेथें खेळणें आधीं जन्मलें, आणि खऱ्या यंत्रास त्याच्या मागून येण्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. पुढें तें यंत्र रणांगणावर गेलें आणि त्याच्या हुबेहूब लहान प्रतिकृति करण्याची हौस लोकांत वाढली. म्हणजे खेळण्याचें यंत्र झालें आणि यंत्राचें पुन्हा खेळणें झालें. परंतु हीं दोन खेळणीं एक नव्हत. पहिलें उडत असे, पण कोणासारखें दिसत नसे; दुसरें हुबेहूब दिसतें, पण उडत नाहीं. या दोहोंमधील अंतर ध्यानांत घेतलें असतां 'हुबेहूब' या शब्दाचा खरा अर्थ काय, हें उमगूं लागतें; आणि तो अर्थ इतिहास लिहिणारासही उपयोगी पडण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

काडीला पातें बसवून दोन तळहातांमध्यें घुसळून सोडावयाचें उडतें भिरभिरें चिनी मुलांस शतकानुशतकें ठाऊक आहे. युरोपांत इ. स. १७८४ सालीं लोनुआ व बियाँव्हन्यू या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं काडीच्या दोन्ही टोकांस पिसें लावून, धनुष्याच्या ताणलेल्या दोरीच्या जोरावर तीं परस्परविरुद्ध दिशांनीं फिरविलीं, आणि तें चिमुकलें यंत्र पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें वर चढवून दाखविलें. १७९६ मध्यें इंग्लंडांत जॉर्ज केली यानें बुचें आणि पिसें घेऊन तोच प्रयोग केला. १८७० मध्यें पेनो या फ्रेंच तरुणानें धनुष्याच्या जागीं पिळलेलें रबर घातलें. अशाच प्रकारचें एक खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतील मिल्टन राइट या धर्मोपदेशकानें आपल्या मुलांसाठीं घरीं आणलें. मुलांपैकीं विल्बर अकरा वर्षांचा होता व ऑर्व्हिल सात वर्षांचा. त्यांनीं त्याबरहुकूम आणखी खेळणीं केलीं. मग त्याहून मोठीं करून पाहिलीं. तेव्हां त्यांस असा चमत्कारिक अनुभव आला कीं, खेळणें फार मोठें केलें कीं तें पहिल्यासारखें उडत नाहीं.

त्या मुलांस ज्याचें कोडें पडलें त्याचें मर्म गॅलिलिओनें १६३८ च्या आपल्या ग्रंथांत सांगून ठेवलें होतें. वस्तु सर्व बाजूंनीं दुप्पट केली कीं तिचें पृष्ठ चौपट होतें, पण वजन आठपट होतें. उचलणारा पंखा पृष्ठाच्या हिशेबानें वाढतो, उचलावयाचा भार घनाच्या हिशेबानें. म्हणून पिसांचें भिरभिरें सहज उडतें, आणि माणूस नेणारें भिरभिरें जमिनीस खिळून राहतें. पाँताँ दामेकूर यानें १८६१ मध्यें ग्रीक शब्दांवरून 'हेलिकॉप्टर' हें नांव घडविलें. १८६३ मधील त्याचें वाफेचें यंत्र मात्र स्वतःचेंही ओझें उचलूं शकलें नाहीं. नांव उडालें, यंत्र राहिलें! १८७७ मध्यें मिलान येथें फोर्लानिनी याचें वाफेचें लहान यंत्र सुमारें तेरा मीटर चढलें. कीव्ह येथील इगोर सिकॉर्स्की यानें बालपणीं रबरावर उडणारें खेळणें केलें होतें. तरुणपणीं १९०९-१० मध्यें त्यानें दोन मोठीं यंत्रें बांधलीं. पहिलें उठलेंच नाहीं. दुसरें उठलें, पण चालकास घेऊन उठेना. पुरेसें हलकें आणि तितकेंच बलवान एंजिन मिळेपर्यंत त्यास वाट पाहावी लागली. अखेर १४ सप्टेंबर १९३९ रोजीं अमेरिकेंत त्याचें 'व्ही. एस्. ३००' हें यंत्र, दोरांनीं बांधलेलें कां होईना, चालकासह जमिनीवरून उठलें. त्यांतूनच निघालेलें लष्करी यंत्र १४ जानेवारी १९४२ रोजीं प्रथम उडालें. त्याच्या पुढील आवृत्ति 'आर-४' या नांवानें प्रसिद्ध आहेत, आणि मोठ्या संख्येनें बांधलें गेलेलें जगांतील पहिलें लष्करी हेलिकॉप्टर तेंच.

आतां दुसऱ्या खेळण्याकडे वळूं. विमानांच्या लहान प्रतिकृतींसाठीं इंग्लंडांत १९३० नंतरच्या दशकांत एकास बहात्तर हें प्रमाण रूढ झालें. यांत गूढ कांहीं नाहीं. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. या प्रमाणांत सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. ही हौस केवळ शोभेची राहिली नाहीं. १९४२ मध्यें अमेरिकी नौदलानें शाळांतील विद्यार्थ्यांकडून याच प्रमाणाच्या पांच लाख प्रतिकृति मागविल्या. कां, तर सैनिकांस आकाशांतील विमान आपलें कीं शत्रूचें हें आकृतीवरून ओळखतां यावें. पंखाच्या वळणांत चूक राहिली तर आपल्याच विमानावर तोफ डागली जावयाची. शाळकरी मुलाच्या कानशीवर कोणा अनोळखी माणसाचा प्राण अवलंबून असावा, असा हा प्रसंग होता.

समजा, आज एखाद्यानें याच प्रमाणांत 'आर-४' करावयाचें मनांत आणलें. पहिला प्रश्न असा येतो कीं, कोणतें 'आर-४'? पहिल्या नमुन्याचा पंखा ३६ फूट व्यासाचा होता, पुढील यंत्रांचा ३८ फूट. प्रतिकृतींत हा फरक एक तृतीयांश इंचाचा: एक पंखा सहा इंच, दुसरा सव्वासहाहून किंचित् अधिक. शिवाय चांचणीसाठीं केलेल्या 'वाय. आर-४बी'चें एंजिन १८० अश्वशक्तीचें, तर शेवटच्या 'आर-४बी'चें २०० चें. डेटन येथील हवाई दलाच्या संग्रहालयांत आज 'आर-४बी' पाहावयास मिळतें. परंतु तें समोर आहे म्हणून त्यावरून दुसऱ्या आवृत्तीची प्रतिकृति डोळे झांकून करावी, तर ती चुकावयाची. मोघम 'आर-४' असें यंत्र कधींच नव्हतें. होतीं तीं एकेक निराळीं यंत्रें, एकेका दिवशीं एकेका स्थितींत उभीं असलेलीं. ज्यास हुबेहूब करावयाचें आहे त्यानें आधीं तारीख ठरविली पाहिजे.

दुसरा प्रश्न गाळण्याचा. खिडकीची कांच प्रतिकृतींत एक मिलिमीटर जाड ठेवली, तर ती खऱ्या यंत्रांत ७२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन इंच जाडीची झाली! पंख्याच्या पात्यांवर कापड ताणलेलें होतें. त्या कापडाची वीण डोळ्यांस दिसेल अशी उमटविली, तर तें कापड नव्हे, गोणपाट होईल. म्हणून जाणता कारागीर पुष्कळ गोष्टी ठाऊक असूनही दाखवीत नाहीं. आणि जें सहज निसटतें तें मात्र तो आवर्जून दाखवितो. बिजागरीवर बसविलेलीं तीं लांब पातीं यंत्र उभें असतांना आपल्याच भारानें खालीं झुकतात, उडतांना वर उचललीं जातात. उभ्या यंत्राचीं पातीं पट्टीसारखीं सरळ ठेवणाराचें मोजमाप अचूक असेल, पण त्याच्या यंत्रास वजन नाहीं. गॅलिलिओचा जो नियम मोठ्या यंत्रास सहज उडूं देत नाहीं, त्याची खूण एवढ्या एका झुकण्यांत ठेवतां येते.

आतां तारीख ठरवूं. १९४४ च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा, स्थळ ब्रह्मदेश. तीन ब्रिटिश जखमी सैनिकांस घेऊन जाणारें एक लहान अमेरिकी विमान जपानी फौजांच्या पिछाडीस जंगलांत उतरून पडलें होतें. दुसरें विमान तेथें उतरण्यास जागा नव्हती. आसामांतील लालाघाटच्या तळावरून लेफ्टनंट कार्टर हार्मन याचें 'वाय. आर-४बी' निघालें आणि मजल दरमजल करीत तेथें पोहोंचलें. ऊन्ह कडक, तापलेली विरळ हवा पात्यांस आधार देईना आणि एंजिनासही पुरेना. चार माणसें वाट पाहत होतीं, आणि एका खेपेस चालकाखेरीज एकच माणूस नेतां येत होता. एंजिन मध्येंच तापून बसलें, रात्र आड आली. तरी हार्मननें दुसऱ्या दिवसापर्यंत चार खेपांत चौघांसही बाहेर काढलें. लढाईंत हेलिकॉप्टरनें माणसें सोडविल्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो.

या प्रसंगांतील ऊन्ह, विरळ हवा, तिसऱ्या खेपेची वाट पाहणाराची रात्र, यांतील कांहींही प्रतिकृतींत येणार नाहीं. मग ती व्यर्थ म्हणावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या यंत्राच्या कांचेच्या पेटींत दोन आसनें शेजारीं शेजारीं आहेत. अठरा इंच रुंदीचें आसन धरलें, तर प्रतिकृतींत तें पाव इंचाचें होईल. एक चालकाचें, दुसरें रिकामें. दोनच. कारागिरानें मोह धरून तेथें तिसरें बसविलें नाहीं, यंत्रास होतें त्याहून भव्य केलें नाहीं, तर पाहणारा आपसूक मोजतो आणि विचारतो: "चौघे होते ना? मग बाकीचे कोठें बसले?" त्या प्रश्नाबरोबर जंगलांतील तो सगळा दिवस त्याच्यापुढें उभा राहतो.

इतिहासकाराचें कामही याहून निराळें नाहीं. गेलेला काळ त्यास पुन्हा उडवितां येत नाहीं; त्याच्या हातीं असलेली वस्तु लहान आणि निश्चल आहे. थोरांच्या गौरवासाठीं एखादें आसन वाढविण्याचा मोह त्यासही पडतो, आणि आपल्याकडे तो पुष्कळांस पडलेला आम्हीं पाहिला आहे. त्यानें तारीख नक्की करावी, न दिसणारें दाखवूं नये, पात्यांस त्यांचें वजन असूं द्यावें, आणि रिकामें आसन रिकामें ठेवावें. तेथें कोण बसलें व कोण थांबलें, हें विचारण्याचें काम वाचकाचें आहे, आणि तो तें विचारल्यावांचून राहत नाहीं.