कर्ता गेल्यावर

वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. मात्र येथील वाकाटक शाखेचा संस्थापक सर्वसेन याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणल्याची ती कथा. आनंदवर्धनाने काव्याचा निर्देश केला, भोजाने त्यातील पद्ये उदाहरणादाखल घेतली. उरले ते अशा अवतरणांतून. कर्ता आणि पोथी दोन्ही गेल्यावर कृती कोणाच्या आधाराने टिकते? हाच प्रश्न आपल्या काळात एका निराळ्या लेखनाबाबत, संगणकाच्या आज्ञावलीबाबत, उभा राहिला.

रुबी ही संगणकभाषा युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. ‘व्हाय द लकी स्टिफ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका कलंदराने २००७ मध्ये तिच्यासाठी ‘शूज’ हे साधन रचले. पडद्यावर एक खिडकी उघडावी, तीत थोडा मजकूर आणि एक बटन असावे, एवढ्यासाठीही इतर साधने बरीच पूर्वतयारी मागत. शूजमध्ये ते मोजक्या ओळींत होई. मांडणीचे मुख्य प्रकार दोनच. ‘स्टॅक’ वस्तू एकीखाली एक रचतो. ‘फ्लो’ त्या शेजारी शेजारी ठेवतो आणि जागा संपली की परिच्छेदातल्या शब्दांप्रमाणे पुढच्या ओळीत नेतो. बटन दाबल्यावर काय घडावे, ते बटनाला लागूनच लिहायचे. लेखनाची घडण हीच खिडकीची घडण. जुन्या आलंकारिकांनी वैदर्भी रीतीत वाखाणलेला प्रसादगुण तो हाच, असे म्हणण्याचा मोह होतो.

१९ ऑगस्ट २००९ रोजी या लेखकाने आपली संकेतस्थळे आणि आज्ञावल्या महाजालावरून काढून घेतल्या व तो नाहीसा झाला. परंतु अनेकांनी आपापल्या संगणकांवर प्रती ठेवल्या होत्या. त्यांतून बहुतेक सारे परत जमले. स्टीव्ह क्लॅबनिक आदींनी शूजचे काम पुढे चालवले, आणि चौथी आवृत्ती जावावर चालणाऱ्या जेरुबीसाठी नव्याने लिहायला घेतली गेली.

येथे साम्य संपते. भोजाने केवळ आपल्या विवेचनाला हवी तेवढी पद्ये घेतली, म्हणून ‘हरिविजय’ तुकड्यांनी उरले. पण तो तुकडा प्राकृत जाणणारा कोणीही आज वाचू शकतो. शूजची प्रत अखंड उरली, तरी खालची यंत्रणा बदलली की ती चालेनाशी होते. काव्याला वाचक पुरतो; आज्ञावलीला पिढीगणिक नवा लेखक लागतो. सर्वसेनाला भोज भेटला, तोही सुमारे सातशे वर्षांनी. आज्ञावलीला इतकी वाट पाहणे परवडत नाही.