राजनांदगावची गाडी

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये चहाचा कप संपवा आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. इथून राजनांदगाव चाळीसेक किलोमीटर. आता डोळ्यांसमोरचं एकेक पुसत चला. स्कूटरींची रांग, कपड्यांची दुकानं, सेक्टरांचे आखीव रस्ते, सोव्हिएत मदतीनं उभारलेला आणि १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेला कारखाना, सगळं गेलं. राहिली धानाची शेतं आणि लोहमार्ग. साल १८९३, रेल्वे बंगाल-नागपूर.

गाडी नागपूरहून येते आहे, म्हणून तुम्ही उलट जाऊन दरेकसाच्या बोगद्याआधीच डब्यात शिरा. कोळशाची कणी डोळ्यात जाईल, चोळू नका. समोर तिशी ओलांडलेले नारायण वामन टिळक बसले आहेत. कवी, संस्कृतचे जाणकार, आणि एका नोकरीत फार काळ न टिकणारे. आता राजनांदगाव संस्थानात काम मिळेल या आशेनं निघाले आहेत. डब्यातला गोरा प्रवासी त्यांना आपणहून जागा देतो. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हे. बोलणं संस्कृत काव्यावरून ख्रिस्तावर येतं. तो बायबलची प्रत त्यांच्या हाती देतो आणि सांगतो की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते मुळीच पटत नाही. पुस्तक वाचीन, एवढा शब्द मात्र ते देतात.

वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी अडकतात, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो. गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात, भाकीत खरं ठरलं म्हणून. तुम्ही गाडीतून उतरून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे चला.

नवऱ्यानं धर्म बदलला आणि त्यांचा संसार मोडला. नातलगांच्या आधारानं दिवस काढायचे, मूल सांभाळायचं, लोकांचं बोलणं ऐकायचं. काही वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे परतल्या त्या नवऱ्यासाठी, ख्रिस्तासाठी नव्हे. घरात त्यांचं सोवळं वेगळं आणि स्वयंपाकही वेगळा. मला तो गाडीतला प्रवासी तितकासा मोठा वाटत नाही, जितकी ही वेगळी चूल वाटते. टिळक त्यांच्यावर जबरदस्ती करत नाहीत. जाती देवानं केल्या की माणसांनी, हा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःच स्वतःला घालतात, आणि १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला जातात.

त्यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ उघडून पाहा. टिळक तापट, क्षणात रुसणारे, क्षणात विरघळणारे. हाती पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळे, मग घरात तांदूळ असो वा नसो. लक्ष्मीबाई भांडतात, हसतात, आणि पुन्हा कामाला लागतात. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा छावणीत जाऊन रोग्यांची सेवा करतात. तिथं भक्तीचा उमाळा येतो की नाही हे बघायला कुणाला सवड आहे? पाणी पाजायचं, कपडे बदलायचे.

टिळकांचं मन एका जागी बसत नाही. १९१७ मध्ये ते अमेरिकन मिशनची नोकरी सोडतात, संन्याशासारखे राहतात, ‘देवाचा दरबार’ काढतात. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथं मुभा. मिशन सुटलं, ख्रिस्त सुटला नाही. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत, आणि तुकोबांनाही त्यांनी सोडलं नाही.

मे १९१९. टिळक जातात. ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याची थोडीच प्रकरणं लिहून झालेली आहेत. तुम्ही लक्ष्मीबाईंच्या मागे उभे राहा. कधी शाळेत न गेलेली, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली ही बाई आता त्याचं महाकाव्य पुढं नेते आहे. सुरुवातीची मोजकी प्रकरणं त्याची, उरलेली साठाहून अधिक तिची. १९३६ मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ छापून आला तो १९३८ मध्ये.