बोरूचे कलम, गुलाबाचे कलम

बागेतल्या कामासाठी मराठी माणूस जे शब्द वापरतो त्यांची यादी केली, तर आपला बराच इतिहास तिथेच हाती लागतो. बाग फारसी, गुलाब फारसी, अत्तर अरबी. 'गुलाब' हे मुळात फुलाचे नावच नव्हे. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. इराणात आजही गुलाब मागितला तर गुलाबजलाची बाटली पुढे येईल. आपण पाण्याचे नाव फुलाला देऊन टाकले आणि मग पाण्याला 'गुलाबपाणी' म्हणू लागलो. पाणी दोनदा झाले, पण कुणाचे काही बिघडले नाही.

'कलम' या शब्दाचा प्रवास आणखी लांबचा. बोरूला ग्रीक भाषेत असलेला शब्द अरबीत 'कलम' झाला. कुरआनच्या एका सूरहचे नाव तेच आहे. बोरूचे टोक तिरपे छाटतात, गुलाबाच्या काडीचे खालचे टोकही तिरपेच छाटतात. लिहिणाऱ्याच्या आणि लावणाऱ्याच्या हातात एकच शब्द आला तो असा. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने शेतीवर मोठा अरबी ग्रंथ लिहिला. गुलाबाची लागवड त्यात आहे.

बाबराने गुलाब हिंदुस्थानात आणला असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते, आणि त्याच वाक्याने आपल्याला परकेही ठरवले जाते. दोन्ही बाजूंनी ही समजूत चुकीची आहे. हिमालयात रानगुलाब मूळचेच आहेत. शिवाय समरकंदचा अब्दुर रज्जाक 1443 मध्ये विजयनगरला आला, तेव्हा गुलाब तिथे जागोजागी विकले जात होते. इथल्या लोकांना अन्नाइतकीच गुलाबाची गरज भासते, असे त्याने नोंदवले. बाबर आला 1526 मध्ये. दख्खनच्या बाजारात गुलाब त्याच्या 83 वर्षे आधी होता.

आमच्या वाशीमचे काय? अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त फुलांची आणि सुगंधी द्रव्यांची प्रकरणे आहेत. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातल्या 'बासिम' सरकारचा महसूलही आहे. बासिमच्या अंगणात काय फुलत होते, ते मात्र नाही. जहांगीरने आपल्या आठवणींत नूरजहाँच्या आईने, अस्मत बेगमने, गुलाबपाण्यावर तरंगणारे तेल काढून अत्तर केल्याचे लिहून ठेवले. दरबारातल्या बाईच्या हाताची नोंद झाली. वाशीम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोडच्या मोहल्ल्यांत पत्र्याच्या डब्यात काडी जगवणाऱ्या नानी-खालांची कोण करणार?

त्यांची पद्धत सांगून ठेवली पाहिजे. पहिले चार-दोन पाऊस पडून हवा गार झाली की पेन्सिलीएवढी जाड, पक्की काडी घ्यायची, अगदी कोवळी नको. लांबी वीतभर, त्यावर तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. पाने काढून अर्ध्याहून जास्त काडी मातीत. आमची काळी माती पाणी धरून ठेवते आणि काडी कुजते, म्हणून निम्मी वाळू आणि थोडे मुरलेले शेणखत. डबा सावलीत. कोंब फुटला म्हणजे मुळ्या फुटल्या असे नव्हे. काडीतल्या साठ्यावरही कोंब येतो. महिना-दीड महिना काडी उपटून पाहायची नाही. घरातल्या पोरांना हे शेवटचे कलम कधीच पाळता आले नाही, ती गोष्ट वेगळी.

अशा काडीतून उगवते ते नवे झाड नसते, जुनेच झाड पुढे चालू राहते. जपानी संशोधकांनी 2000 मध्ये दमिश्क गुलाबाच्या जुन्या जातींचा डीएनए तपासला, तेव्हा त्यांचे मूळ एकच निघाले. कुणी ना कुणी शतकानुशतके त्या काड्या हातोहात पुढे दिल्या होत्या. सासरी जाणाऱ्या मुलीने ओल्या फडक्यात गुंडाळून नेलेली काडीही त्याच जातीचा दस्तऐवज आहे.

या दस्तऐवजातही घोटाळे आहेत. उत्तर भारतात डोळे भरण्यासाठी खुंट म्हणून 'एडवर्ड' गुलाब फार वापरला गेला. तो हिंदी महासागरातल्या बूर्बों, म्हणजे आजच्या रियुनियन बेटावरचा. वर भरलेला डोळा मेला की खालचा खुंट फुटतो आणि गुलाबी, सुवासिक फुले देतो. आपण ज्याला पिढीजात गावठी गुलाब म्हणतो, तो एखाद्या अंगणात असा वाचलेला खुंटही असू शकेल. आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही.

आता अंगणांवर फरशी आली. बाजारात लांब दांड्याचा डच गुलाब मिळतो. त्याला बहुधा वास नसतो आणि त्याची काडी घरी सहजासहजी जगत नाही. दर्ग्यावरच्या चादरीची फुले विकत आणता येतात, नानीच्या परसातले झाड विकत मिळत नाही. जुने घर पाडायला काढले की विटा आणि सागवानाचा हिशेब आधी होतो. मजूर येण्यापूर्वी कोपऱ्यातल्या गुलाबाच्या चार-सहा काड्या छाटून घ्याव्यात, निरनिराळ्या घरी द्याव्यात, आणि डब्यावर खडूने लिहावे: कुणाच्या अंगणातली, कोणत्या साली आणली.