उष्णतेची वाट

पांचगणीस उन्हाळ्यांत येणारा पाहुणा पहिल्याच संध्याकाळीं टेबललँडवर जातो, वाऱ्यापुढें उभा राहतो आणि येथील हवेची स्तुति करतो. ही स्तुति नवी नव्हे. या गांवाचा जन्मच तिच्यांतून झाला आहे. परंतु गेल्या मे महिन्यांत याच थंड हवेच्या गांवीं, आमच्या जुन्या घराच्या दिवाणखान्यांत, एक यंत्र उष्णतेनें वारंवार बंद पडूं लागलें, आणि ज्या प्रश्नाचा मीं पूर्वीं कधींही विचार केला नव्हता त्याच्या इतिहासांत मला शिरावें लागलें. यंत्र होतें माझ्या पुतण्याचा संगणक. बंद पडण्याचें निमित्त होतें त्यावरील एक खेळ. विषय पोरकट वाटेल, पण वाचकांनीं थोडा धीर धरावा. मुंबईच्या उकाड्यास कंटाळून सह्याद्रीवर चढणारा गव्हर्नर आणि संगणकांतील ग्राफिक्स कार्डावर फिरणारा हाताएवढा पंखा, या दोघांपुढील अडचण एकच आहे. उष्णता नाहींशी करतां येत नाहीं. एक तर आपण तिच्यापासून दूर जावें, नाहीं तर तिला आपल्यापासून दूर न्यावें.

मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं पहिला मार्ग पत्करला. १८२८ सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम महाबळेश्वरास आला, आणि पुढल्याच वर्षीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांच्याशीं करार होऊन तें ठिकाण कंपनी सरकारकडे आलें. माल्कमपेठ हें नांव ही त्याचीच खूण. परंतु महाबळेश्वराचा पाऊस असा कीं, जून लागतांच साहेबलोक बंगले बंद करून खालीं उतरत. गारवा तर असावा, पण पावसाळ्यांतही राहतां यावें, अशा जागेची निकड होती. ती जॉन चेसन यानें १८६० नंतरच्या दशकांत भागविली. दांडेघर, गोडवली, आंब्राळ, खिंगर आणि तायघाट या पांच गांवांच्या मध्यें, समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंचीवर त्यानें वसाहत उभारली. महाबळेश्वर येथून अवघें पांच-सहा कोसांवर. पण पावसाचा मुख्य मारा तेथेंच संपतो आणि पांचगणीच्या वांट्यास त्याचा थोडाच भाग येतो. चेसननें लावविलेल्या सिल्व्हर ओकच्या रांगा ही त्याची येथील सर्वांत उंच आठवण होय.

स्वतः न हलतां गारवाच आपल्याकडे आणावा, असाही प्रयत्न त्याच काळांत झाला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें १८३३ सालीं ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून १८० टन बर्फ कलकत्त्यास पाठविला. जहाजास चार महिने लागले, विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागलें. तरी सुमारें १०० टन बर्फ शाबूत पोंचला. पुढें मुंबईसही असा बर्फ येऊं लागला व फोर्टांत त्यासाठीं बर्फघर बांधलें गेलें. या सगळ्या व्यापाराचें रहस्य दुहेरी फळ्या आणि लांकडाचा भुसा यांत होतें. असलें आवरण बाहेरच्या उष्णतेस आंत शिरूं देत नाहीं. मात्र त्याच आवरणांत बर्फाऐवजीं निखारा ठेवला, तर तें आंतल्या उष्णतेस बाहेरही पडूं देणार नाहीं. आवरण मित्र कीं शत्रु, हें आंत काय ठेवलें आहे यावर ठरतें. हें एवढेंसें तत्त्व मला वेळीं सुचलें असतें, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

आमच्या वाडे बांधणाऱ्या गवंड्यांना तें चांगलें ठाऊक होतें. चौसोपी वाड्याचा चौक हा केवळ तुळशीसाठीं नव्हता. तापलेली हवा हलकी होऊन त्या वाटेनें वर जाई आणि तिच्या जागीं सोप्यांतून ताजी हवा येई. खोलींत छताजवळ झरोका ठेवीत, तोही याचसाठीं. शास्त्रज्ञांनीं हीच गोष्ट अंकांत मांडली. न्यूटननें १७०१ सालीं सांगितलें कीं, तापलेली वस्तु किती वेगानें निवेल हें तिच्या व भोंवतालच्या उष्णतामानांतील अंतरावर अवलंबून असतें. पदार्थांतून उष्णता कशी वाहते याचें गणित फूर्ये यानें १८२२ च्या ग्रंथांत दिलें. या दोघांच्या पलीकडचें कोणतेंही जादूचें सूत्र आजच्या संगणकासही उपलब्ध नाहीं.

गणन करणारीं विजेचीं यंत्रें आलीं तेव्हांपासून ही अडचण त्यांच्या सोबतच आहे. १९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत जगापुढें आलेल्या ‘एनिअ‍ॅक’ यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या व त्यास १५० किलोवॅट वीज लागे. ती सर्व अखेर उष्णताच होई. म्हणून गणकाइतकाच त्याच्या पंख्यांचाही संसार मोठा होता. आपल्या मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत घडविलेला ‘टिफ्रॅक’ १९६० सालीं पूर्ण झाला. १९६२ त पंडित नेहरूंनीं त्याचें नामकरण केलें. त्यांतही २,७०० नळ्या, म्हणजे तितके लहान दिवेच, एकाच वेळीं जळत. ट्रान्झिस्टर आला तेव्हां आतां उष्णतेचा प्रश्न मिटला असें वाटलें. पण मनुष्यानें वांचलेल्या जागेंत आणखी ट्रान्झिस्टर बसविले व प्रश्न पूर्वींपेक्षां दाट झाला. १९८५ च्या ‘क्रे-२’ या महासंगणकाचीं मंडलें तर विजेस दाद न देणाऱ्या एका द्रवांत चक्क बुडवून ठेवावीं लागलीं.

घरगुती खेळांसाठीं चित्रें रेखाटणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा इतिहास याचीच लहान आवृत्ति आहे. १९९६ सालच्या ‘व्हूडू’ कार्डावर पंखाच नव्हता. २००३ सालच्या एका कार्डाच्या पंख्याचा आवाज इतका मोठा होता कीं, त्याच्या निर्मात्यांनींच स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. २०२५ सालीं बाजारांत आलेल्या सर्वांत बलवान कार्डास ५७५ वॅटपर्यंत वीज लागते. छताचे आठ पंखे एकदम चालावेत इतकी ही वीज, आणि ती बहुतेक साडेसात चौरस सेंटिमीटरच्या एका चकतींत व तिच्या आसपास उष्णता होऊन प्रगट होते. क्षेत्रफळाच्या मानानें पाहिलें तर कपड्यांच्या इस्त्रीचा तळ तिच्यापुढें शीतळच म्हणावा लागेल. ती उष्णता चकतीवरून मलमासारख्या लेपांतून तांब्यांत, तांब्यांतून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पाकळ्यांत आणि पाकळ्यांवरून हवेंत जाते. या साखळीची एक कडी जरी निखळली, तरी मागचीं सर्व व्यर्थ होतात.

खेळांत फेरफार करण्याचा छंदही आतां तीन दशकांहून जुना झाला आहे. १९९३ सालच्या ‘डूम’ या खेळाच्या कर्त्यांनीं खेळाचें यंत्र आणि त्यांतील चित्रें-नकाशे हीं वेगवेगळीं ठेवलीं. त्यामुळें कोणाही हौशी मुलास आपली भर घालतां येऊं लागली. या भरीस ‘मॉड’ म्हणतात. १९९९ त निघालेल्या अशाच एका मॉडमधून पुढें ‘काउंटर-स्ट्राइक’ हा स्वतंत्र खेळ निपजला; २०११ च्या ‘स्कायरिम’ला तर खेळाडूंनीं इतक्या गोष्टी जोडल्या कीं, मूळ खेळ त्यांत शोधावा लागतो. यांत निर्मितीचा आनंद आहे, हें मीं आतां मान्य केलें आहे. परंतु मूळ कर्ता खेळ बाजारांत आणण्यापूर्वीं नाना यंत्रांवर तो पारखून घेतो. दहा जणांच्या दहा भरी एकत्र आल्यावर कार्डावर किती भार पडेल, हें कोणीच तपासलेलें नसतें. जुन्या पायावर मजले चढविण्याचाच हा प्रकार.

आतां आमच्या दिवाणखान्यांतील गोष्ट. माझ्या पुतण्यानें दोन वर्षें शाळकरी मुलांच्या शिकवण्या करून पैसे सांठविले व तें कार्ड घेतलें. पांचगणीस पावसाळ्यांत धुकें खिडकींतून घरांत येतें, आणि उन्हाळ्यांत तांबडी धूळ कशावरही बसते. म्हणून यंत्र सांभाळण्यासाठीं तें माझ्या जुन्या पुस्तकांच्या सागवानी कपाटांत, कांचेच्या दारांआड ठेवावें, अशी आज्ञा मीं केली. मे महिन्यांत चित्रें अडखळूं लागलीं, मग सबंध संगणकच विझूं लागला. मीं त्याला खेळांच्या व्यसनावर एक व्याख्यान दिलें. मुलानें तें ऐकून घेतलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें घरांतील तापमापक कपाटांत ठेवला व मला बोलावून म्हणाला, “काका, रागावूं नका, पण एकदां हा आंकडा पाहा.” खोलींत २६ अंश होते, कपाटांत ४३. कार्डाच्या चकतीचा आंकडा पडद्यावर ९० दाखवीत होता. पंखे जिवाच्या आकांतानें फिरत होते. पण आपणच बाहेर टाकलेली तापलेली हवा पुनः आंत ओढीत होते. आम्हीं दोघांनीं तें यंत्र उचलून मोकळ्या मेजावर ठेवलें. अर्ध्या तासानें, तोच खेळ चालूं असतां, तोच आंकडा ७४ वर आला. मी त्याला विचारलें, “तुला हें पूर्वींच समजलें होतें काय?” तो म्हणाला, “कपाट तुमचें होतें.” दोन वर्षें तो माझ्या भुशांत निखारा जपत होता.

त्यानंतर जें आम्हीं शिकलों, तें इतर घरांसही उपयोगी पडेल. पहिली गोष्ट हवेची वाट. पेटीच्या पुढून थंड हवा आंत व मागून-वरून गरम हवा बाहेर, अशी एक दिशा असावी. पेटी भिंतीस चिकटवूं नये. जाळ्यांवरील धूळ दोन-तीन महिन्यांनीं काढावी. फुंकणीनें हवा मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरावें, नाहीं तर तें भलत्याच वेगानें फिरून बिघडतें. कार्ड बरेंच जुनें झालें असेल, तर चकतीवरचा वाळलेला लेप जाणत्याकडून बदलून घ्यावा. पावसाळ्यांत यंत्र रोज थोडा वेळ चालवावें. स्वतःच्या ऊबेनें तें कोरडें राहतें. झांकावयाचें तर पुरतें निवल्यावर कापडानें झांकावें, आणि चालूं करण्यापूर्वीं तें कापड न विसरतां काढावें.

दुसरी गोष्ट मागणीची, आणि हीच अधिक महत्त्वाची. ज्या पडद्यावर सेकंदास ६० चित्रें दिसतात, त्याच्यासाठीं कार्डानें २०० काढणें म्हणजे शंभराहून अधिक चित्रें नुसतीं उष्णतेसाठीं काढणें होय. २०२१ च्या जुलैंत एका नव्या खेळाच्या चाचणींत कांहीं महागडीं कार्डें जळालीं. प्रारंभींच्या साध्या मेनूवरच त्यांनीं गतीचा कळस गाठला होता. त्या कार्डांच्या डाखकामांत दोष असल्याचें पुढें आढळलें, तरी खेळाच्या कर्त्यांनीं चित्रांच्या गतीस मर्यादा घातली ती घातलीच. ही मर्यादा प्रत्येकानें स्वतः घालावी. विजेच्या दाबाचें गणित तर याहून मनोरंजक आहे. चकतींत उत्पन्न होणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणून गति तीच ठेवून दाब दहा टक्के उतरवितां आला, तर त्या उष्णतेचे एकोणीस टक्के वांचतात, आणि खेळणाऱ्यास फरक कळतही नाहीं. मॉड मात्र एकेक करून चढवावेत व प्रत्येकानंतर आंकडा टिपावा. मोठ्या आकाराचीं चित्रें प्रथम कार्डाची स्मृति भरून टाकतात; प्रकाश, छाया आणि गवताचीं असंख्य पातीं हीं त्यास खरीं तापवितात.

डोंगरावर राहणाऱ्यांसाठीं एक इशारा. समुद्रसपाटीपेक्षां या उंचीवर हवा साधारणतः आठ अंश थंड असते, म्हणून आम्हां लोकांस निर्धास्तपणा येतो. परंतु ती सुमारें एक-अष्टमांश विरळही असते, आणि विरळ हवा त्याच पंख्यावरून कमी उष्णता वाहून नेते. टेबललँड एका हातानें जें देतें, त्यांतलें कांहीं दुसऱ्या हातानें परत घेतें. थंड गांवांत असणें निराळें आणि थंड वाऱ्यांत असणें निराळें.

चेसनला हवी असलेली जागा डोंगरानें दिली. पुढें लोकांनीं त्या जागेंतही इतकी भर घातली कीं, २००१ सालीं महाबळेश्वर-पांचगणी हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून बांधकामास मर्यादा घालावी लागली. गारवा डोंगराचा असो वा यंत्राचा, त्याची मोजदाद ठेवणारा कोणी तरी हवा. आमच्या घरीं तें काम माझा पुतण्या करतो. त्याच्या वहींत रोजचे तीन आंकडे असतात: खोलीचा, पेटीचा आणि चकतीचा. कपाटांत मीं पुनः पुस्तकें लावलीं आहेत. त्यांच्यापासून उष्णता निघत नाहीं. पेटीशेजारचें मेज आतां त्याचें आहे, आणि तें कोठें ठेवावें हें तोच ठरवितो.